घरची गाडी : आपाची गाडी ‘विचार करून’ निघते

जूनच्या अखेरीस आपाचा फोन आला. माझी ही थोरली बहीण चिपळूणजवळ, गुहागर रस्त्यावरच्या एका गावात राहते. सलाम-दुआ झाली, पोराबाळांची चौकशी झाली आणि मग ती म्हणाली, “अरे, माझी गाडी हल्ली सकाळी विचार करून निघते.”

“म्हणजे काय करते?”

“चालू केली, ब्रेक दाबून डीमध्ये टाकली, ब्रेक सोडला की नुसती गप्प उभी राहते. मी मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजते. मग एक धक्का देते आणि निघते. दुपारी असं काही करत नाही.”

नियमित वाचकांना आपा आठवत असेल. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली. दुल्हेभाईंची नजर कमी झाली, मुलगा दोह्याला, आणि सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चिपळूणला न्यावं लागतं. रिक्षावाला कधी येतो, कधी येत नाही. म्हणून भाच्याने पैसे पाठवले आणि एक जुनी ऑटोमॅटिक सेडान घेतली. क्लच नको, गिअर बदलायला नको, एवढ्याच अटीवर आपा तयार झाली होती. आज गावातल्या निम्म्या बायकांना दवाखान्यात तीच पोहोचवते.

मी तिला फोनवर सांगितलं, “आपा, गिअरबॉक्सचं तेल बघून घे. आजच बघ.” तिने घरात विषय काढला. दुल्हेभाई म्हणाले, पावसाळी हवा आहे, गाडी गारठते. भाचा दोह्याहून म्हणाला, मामू गॅरेजातला माणूस, त्याला सगळीकडे आजारच दिसतो. विषय तिथेच मिटला. घरात गाडी जी चालवते तिचं म्हणणं शेवटी ऐकायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

आठ-दहा दिवसांनी मुसळधार पावसात, मागच्या सीटवर सासूबाई असताना, गाडी चढावर घसरली. घसरली म्हणजे रस्त्यावरून नव्हे. आपा पाय दाबते आहे, इंजिन ओरडतं आहे, आरपीएमचा काटा चार हजारांवर आणि गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने सरकते आहे. कशीबशी कडेला घेतली. एक रिक्षावाला देवासारखा थांबला आणि सासूबाईंना घेऊन गेला. डायलिसिस झालं, पण दोन तास उशिरा. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना हे दोन तास काय असतात ते वेगळं सांगायला नको.

गाडी टोचन करून शहरातल्या एका गॅरेजात नेली. त्यांनी स्कॅनर लावला आणि निकाल दिला : गिअरबॉक्स गेला, आख्खा बदलावा लागेल. आकडा दीड लाखाच्या पुढचा. घरात तेवढेच पैसे होते आणि ते धाकट्या भाचीच्या बी.एड.च्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले. फोनवर आपा फारसं बोललीच नाही. नुसतं म्हणाली, “तू एकदा बघून जाशील का?” मी दुसऱ्या दिवशी पनवेलहून कोकण रेल्वेने निघालो.

पुढचं सांगण्याआधी हा गिअरबॉक्स असतो तरी कसा ते थोडक्यात सांगतो, नाहीतर मी काय शोधत होतो ते कळणार नाही.

दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचं पातं फिरायला लागतं. आता वाऱ्याच्या जागी तेल आहे आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात आहेत असं समजा. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्याला फिरवतं, आणि त्या दुसऱ्याला गिअरबॉक्स जोडलेला असतो. म्हणून सिग्नलला ब्रेक दाबून गाडी उभी असतानाही इंजिन बंद पडत नाही. हर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने ही कल्पना १९०५ साली काढली, तीही जहाजांसाठी. मोटारीत तेलावर चालणारा पूर्ण ऑटोमॅटिक गिअर मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आणला तो अमेरिकेत जनरल मोटर्सने, १९४० सालच्या मॉडेलमध्ये.

कन्व्हर्टरच्या मागे गिअर असतात आणि त्यांना धरणाऱ्या-सोडणाऱ्या क्लच प्लेटा, एकावर एक रचलेल्या, सारणाच्या चपात्यांसारख्या : एक पोलादाची, एक अस्तराची. या प्लेटा दाबण्याचं काम तेलाचा दाब करतो. म्हणजे तेच तेल ताकद पोहोचवतं, तेच प्लेटा दाबतं, तेच वंगण घालतं आणि तेच उष्णता बाहेर नेऊन थंड करून आणतं. एका घरात एकच माणूस कमावतो, स्वयंपाक करतो, म्हाताऱ्यांना बघतो आणि बाजारही करतो, तसं. तो आजारी पडला की काय होतं?

या तेलाला गॅरेजात एटीएफ म्हणतात. नवीन असतं तेव्हा बहुधा लाल असतं, इंजिन ऑइलशी गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम रंगवलेलं. ते नुसतं निसरडं असून भागत नाही. गिअरला निसरडेपणा हवा आणि प्लेटांना घट्ट पकड हवी, दोन्ही एकाच तेलातून. हे जमवणं इतकं अवघड होतं की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात व्हेल माशाच्या तेलाचा अंश घालत. म्हणून म्हणतो, “ऑइल ऑइल असतं हो, कुठलंही घाला” असं सांगणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी परत नेऊ नका. मॅन्युअलमध्ये ज्या दर्जाचं नाव छापलं आहे तेच घालायचं.

आता आपाची गाडी.

मी तिला आधी एकच गोष्ट विचारली : सपाटीवर कशी चालते? म्हणाली, सपाटीवर ठीक. उतारावर ठीक. चढावरच इंजिन ओरडतं. आणि सकाळची पहिली सुरुवात. हे ऐकून माझा जीव थोडा भांड्यात पडला. प्लेटा पूर्ण झिजल्या असत्या तर गाडीने सपाटीवरही, वेग घेताना, कुठेतरी रडगाणं लावलंच असतं. फक्त चढावर घसरते म्हणजे तेल कमी असण्याची शक्यता मोठी. गिअरबॉक्सच्या तळाशी एक उथळ तसराळं असतं, त्यात तेल साठतं आणि पंप तिथून ओढतो. तेल कमी असलं आणि गाडीचं तोंड वर झालं की तेल मागे सरकतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. प्लेटांवरचा दाब गेला की त्या एकमेकींवरून घसरतात. सकाळचा उशीरही त्यातलाच. रात्रभरात कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतं. ते पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि साठाच कमी असेल तर आणखी वेळ लागतो. दुपारपर्यंत सगळं भरलेलं असतं म्हणून गाडी तेव्हा शहाण्यासारखी वागते.

या गाडीला डिपस्टिक होती, हे नशीब. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून गरम केली, सपाट जागी उभी केली, इंजिन चालू ठेवून ब्रेकवर पाय देत लिव्हर सगळ्या खाचांतून एकदा फिरवून पीमध्ये आणला. मग पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली, काढली. तेल खालच्या खुणेलाही टेकलं नव्हतं. (काही कंपन्यांच्या गाड्यांत इंजिन बंद करून बघायचं असतं. आपल्या गाडीची रीत आपल्या मॅन्युअलमध्ये बघा.)

तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. कुवेतला मी चौदा वर्षं गॅरेजात होतो, तिथल्या माझ्या उस्तादांची शिस्त होती : आधी वास घे, मग रंग बघ, स्कॅनर सगळ्यात शेवटी. तिथे उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या आसपास पारा जातो आणि रस्त्यावर बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, त्यामुळे नाकाला भरपूर सराव झाला. आपाच्या गाडीचं तेल विटकरी-तपकिरी झालं होतं. वास भाजलेल्या पावाच्या काठासारखा, करपलेल्या पावासारखा नव्हे. हा फरक महत्त्वाचा आहे. तेल काळं आणि वास करपट असेल तर प्लेटांचं अस्तर जळून तेलात मिसळलेलं असतं. मग आशा कमी.

गेलेलं तेल कुठे गेलं? गिअरबॉक्सचं तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालं म्हणजे गळतं आहे, दुसरा अर्थ नाही. मी पडवीत गेलो. गाडी जिथे उभी राहते तिथे फरशीवर तांबूस डाग होते, चांगले हातभर पसरलेले. आपा म्हणाली, “मला वाटलं कोणीतरी पान थुंकून जातं. मी दोन वेळा शेजारच्या पोरांना बोलले.” पोरं बिचारी निर्दोष होती. रेडिएटरच्या खालच्या बाजूला, तेल थंड व्हायला जिथे जातं, तिथल्या रबरी नळीची क्लिप खाऱ्या हवेने गंजून सैल झाली होती. नळीही तडकलेली. थेंब थेंब करत सव्वा लिटरच्या आसपास तेल पडवीत गेलं होतं.

आता त्या गॅरेजबद्दल. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. स्कॅनरने गिअरचं गुणोत्तर जुळत नाही असा कोड दाखवला होता, आणि ते खरंच जुळत नव्हतं, कारण प्लेटा घसरत होत्या. पण का घसरत होत्या हे स्कॅनर सांगत नाही. ते बघायला पट्टी काढावी लागते, गाडीखाली वाकावं लागतं. दीड लाखाचा आकडा सांगण्याआधी पाच मिनिटांचं काम केलं नाही, एवढीच माझी तक्रार. म्हणून तुमच्यावर अशी वेळ आली तर विचारा : तेलाची पातळी किती होती? रंग कसा होता? तसराळं उघडलं का? मॅग्नेटवर काय मिळालं? उत्तर मिळत नसेल तर दुसरा मिस्त्री बघा.

आम्ही ते तसराळं उघडलं. ओळखीच्या एका छोट्या गॅरेजवाल्याने लिफ्ट दिली. तळाशी मॅग्नेट असतात, लोखंडाचा कीस धरून ठेवायला. त्यावर राखाडी लेप होता, बोटावर घेतला तर सुरम्यासारखा मऊ. हा लेप असतोच, त्याला भिऊ नये. चमकणारे कण, सालपटं, तुकडे मिळाले तर मात्र आतलं काहीतरी तुटतं आहे असं समजावं. आम्हाला तसं काही मिळालं नाही. फिल्टर बदलला, गॅस्केट बदललं, नवी नळी आणि क्लिपा, आणि नवं तेल.

एक गोष्ट इथे लोकांना माहीत नसते. तेल बदललं असं आपण म्हणतो तेव्हा सगळं तेल बदललेलंच नसतं. या गाडीत सगळं मिळून सहा लिटरच्या आसपास बसतं, पण खालून सोडलं तर निम्मंच बाहेर येतं. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून मी पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा सोडून भरायला सांगितलं, म्हणजे जुनं पाव उरेल. आणखी एकदा केलं तर आठवा हिस्सा. यंत्राने दाब देऊन एकदम सगळं धुऊन काढणारेही असतात. पण वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या जुन्या गिअरबॉक्सला मी तो उपचार देत नाही. बसलेला गाळ उसळतो आणि व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत जाऊन अडकतो. हळूहळू बदलणं बरं. आणि प्लेटा जळूनच गेल्या असतील तर कुठलंही नवं तेल त्यांना परत आणणार नाही, हेही आधीच कबूल केलेलं बरं.

सगळा खर्च त्या दीड लाखाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आला. सकाळचं ‘विचार करणं’ थांबलं. चढावरचं ओरडणंही थांबलं. पण दुखणं पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही. साठच्या वेगाने, पाय हलका ठेवून चालवताना गाडी किंचित थरथरते, रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी. कन्व्हर्टरच्या आत एक छोटा क्लच असतो. वेग स्थिर झाला की तो दोन्ही पंख्यांना एकत्र धरतो, म्हणजे पेट्रोल वाचतं. कमी तेलावर महिनोन् महिने चालल्याने त्याचं अस्तर झिजलं आहे. दुसऱ्या तेलबदलानंतर थरथर कमी झाली, गेली नाही. आपाने पहिल्या दिवशी ‘विचार करते’ म्हणून सांगितलं तेव्हाच बघितलं असतं तर बहुधा तेवढीही राहिली नसती. हे मी दुल्हेभाईंना त्यांच्या देखत बोललो नाही. भाच्याला मात्र दोह्याला फोन करून नीट ऐकवलं.

‘लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही’ असं पुष्कळ नव्या गाड्यांबद्दल सांगितलं जातं. कोणाचं लाइफटाइम, ते विचारावं. जगभरच्या बड्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी झेडएफ स्वतः सांगते की वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदला. आपल्याकडचे घाट, उन्हाळा आणि शहरातली रांगत चालणारी वाहतूक बघता मी त्याहून अलीकडेच बदलतो, साठ हजारांच्या आसपास. उष्णता या तेलाची वैरी आहे. जुना ढोबळ हिशेब असा की तेल नेहमीपेक्षा दहा अंश जास्त तापत राहिलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. नव्या गाड्यांत डिपस्टिक नसते, पातळी लिफ्टवर, ठराविक तापमानाला, बाजूचा बोल्ट काढून बघतात. तेव्हा घरी डोकवायचं ठिकाण एकच उरतं : गाडी हलवल्यावर खालची फरशी. जुना पुठ्ठा पसरून ठेवा रात्री, सकाळी कळेल.

कल्याणहून एका भगिनीने मागच्या महिन्यात विचारलं होतं की त्यांच्या छोट्या ऑटोमॅटिक गाडीला हे सगळं लागू होतं का. नाही होत, आणि हा घोळ फार जणांचा आहे. आपल्याकडे २०१४ साली मारुतीने सेलेरिओ आणली तेव्हापासून एएमटी हा स्वस्त प्रकार घरोघर पोहोचला. त्यात कन्व्हर्टर नसतो. साधाच गिअरबॉक्स, साधीच क्लच प्लेट, फक्त आपल्या पायाचं आणि हाताचं काम एक यंत्र करतं. म्हणून ती गिअर बदलताना डोकं हलवते, तो आजार नव्हे, तिचा स्वभाव आहे. तिची क्लच प्लेट मात्र साध्या गाडीसारखीच झिजते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी धरून ठेवणं हे तिच्या क्लचसाठी जहर. जळका वास आला, गाडी सुटताना कापायला लागली, किंवा आपोआप एनमध्ये जाऊन दिवा लुकलुकायला लागला, की उशीर करू नका. क्लचची सेटिंग स्कॅनरवर पुन्हा शिकवावी लागते, ती कित्येकदा एवढ्यावरच सुधारते. या गाड्यांपैकी बऱ्याच जणींना पीची खाच नसते. हँडब्रेक ओढून गिअरमध्येच ठेवून बंद करायची असते.

तिसरा प्रकार सीव्हीटी. दोन कप्प्या आणि त्यांच्यामधून फिरणारा पोलादी पट्टा. कप्प्या रुंद-अरुंद होतात आणि गिअर पायऱ्यांऐवजी जिन्यावरच्या घसरगुंडीसारखा बदलतो. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्यावर अशी मोटार काढली होती. याचं तेल संपूर्ण वेगळं असतं, त्यात साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरतो आणि मग खर्चाला अंत नाही. इंजिनचा आवाज वाढून एकसुरी राहणं हा तिचाही स्वभाव. पण नवीन कण्हल्यासारखी घरघर किंवा हळू वेगात धक्के, हे लक्षण. चौथा डीसीटी, दोन क्लचवाला. त्यातल्या कोरड्या क्लचच्या गाड्यांना मुंब्रा-भिवंडीची रांग अजिबात मानवत नाही. इंच इंच पुढे घेण्यापेक्षा पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्या, जागा झाली की मग एकदम सोडा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

गिअरबॉक्सवर जे आळ येतात ते सगळे खरे नसतात. डीमध्ये किंवा आरमध्ये टाकताना ‘ठक्’ आवाज आला तर आधी इंजिनचे रबरी माउंटिंग बघा. ते फाटलं की आख्खं इंजिन उडी मारतं आणि दोष गिअरचा वाटतो. बॅटरी म्हातारी झाली की कंट्रोलचा कॉम्प्युटर भलतंसलतं वागतो. लिव्हर पीमधून निघतच नाही? कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. ब्रेकचा लाल दिवा लागत नसेल तर पेडलजवळचा छोटा स्विच किंवा फ्यूज गेलेला असतो, आणि त्याचाच सिग्नल न मिळाल्याने लिव्हर अडकतो. बऱ्याच गाड्यांत लिव्हरजवळ झाकणाखाली एक खाच असते. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, तिथे चावी किंवा पेचकस दाबला की अडकलेला लिव्हर सुटतो. एका बाईंची गाडी एवढ्यासाठी टोचन झालेली मी पाहिली आहे.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून पडली, वेग घेत नाही आणि दिवा पेटला, तर कॉम्प्युटरने गिअरबॉक्स वाचवायला त्याला आजारपणाच्या रजेवर पाठवलं आहे असं समजा. हळू चालवत जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, पण त्या अवस्थेत घाट चढायला काढू नका. आणि घाटात गिअर तापल्याची सूचना आली, इंजिनचा तापमानकाटा मात्र ठीक असेल, तर सुरक्षित जागी थांबून पीमध्ये इंजिन चालू ठेवा. तेल फिरत राहतं आणि थंड होतं. लगेच चावी फिरवून बंद केली तर उष्णता जागच्या जागी बसते.

आपाला मी चालवण्याच्या तीन-चार सवयी बदलायला लावल्या, त्या इथेही सांगून टाकतो. अंगणातून उलटी घेताना गाडी पूर्ण थांबायच्या आधी ती आरमधून डीमध्ये ओढायची. पूर्ण थांबायचं, मग ओढायचं. पडवीसमोर उतार आहे, तिथे ती ब्रेक दाबून सरळ पी लावून पाय सोडायची, मग हँडब्रेक. त्याने गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका बोटभर लोखंडी दातावर येतं आणि सकाळी पीमधून काढताना ‘कडाक्’ वाजतं. क्रम असा : पायाने ब्रेक, लिव्हर एनमध्ये, हँडब्रेक, पाय किंचित सैल करून वजन हँडब्रेकवर घ्यायचं, पुन्हा ब्रेक दाबून पी. कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला एनमध्ये सोडणारे पुष्कळ आहेत. आमचे दुल्हेभाई त्यांच्या काळात त्यातलेच. पेट्रोल वाचत नाही, उलट इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. उतारावर एल, २ किंवा मॅन्युअल खाच वापरायची. सिग्नलला दर वेळी एन करायची गरज नाही, ब्रेकवर पाय पुरे. फाटक पडलं असेल, लांब थांबायचं असेल तर एन आणि हँडब्रेक ठीक.

टोचनबद्दल एक. आपाची गाडी त्या दिवशी दोरी बांधून चारही चाकांवर ओढत नेली, नऊ किलोमीटर. इंजिन बंद असलं की तेलाचा पंप बंद, आणि चाकं मात्र आतले गिअर कोरडेच फिरवत राहतात. पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं उचलून किंवा सपाट ट्रकवर घालूनच न्यावी. आणि ढकलून चालू होईल या आशेने गल्लीतल्या पोरांना घाम फोडू नका, कन्व्हर्टरवाली होत नाही.

जुनी ऑटोमॅटिक घेणार असाल तर सकाळी, मालकाने चालू करण्याआधी पोहोचा. बॉनेटवर हात ठेवा. कोमट असेल तर त्याने आधीच गरम करून ठेवली आहे, का ते विचारा. थंड गाडीत ब्रेक दाबून आर आणि डी टाकून बघा, सेकंदाभरात पकड यायला हवी. आणि पाण्यात बुडालेली आहे का ते कसून बघा. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात किती घरांसमोरच्या गाड्या वाशिष्ठीच्या पाण्यात गेल्या ते आपण पाहिलं. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते, पाणी तिथूनही आत जातं. तेल दुधात रूह अफजा घातल्यासारखं गुलाबी-सायीसारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, मग ते पुराचं असो की फुटलेल्या रेडिएटरचं. पाणी प्लेटांच्या अस्तराचा गोंद सोडवतं. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी हात लावत नाही.

भाचीचा प्रवेश झाला. आपाने गाडीत एक वही ठेवली आहे : तारीख, किलोमीटर, पडवीत डाग आहे की नाही. साठच्या वेगाची थरथर वाढते की तेवढीच राहते हेही ती लिहिते, आणि दर महिन्याला थोडे पैसे त्या कन्व्हर्टरच्या नावाने वेगळे काढते. मागच्या जुम्म्याला तिचा फोन आला. “अरे, थरथर तेवढीच आहे. पण ब्रेक दाबला की आता एक चीं-चीं ऐकू येते.” मी म्हटलं, कोणत्या चाकातून येते ते आधी बघ. ते पुढच्या अंकात.